मुलाखतीतला ‘आपला माणूस’

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची पारख या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, या पारखीत मी एकदा उमेदवार म्हणून दुखावला गेलो आणि पुढे परीक्षक म्हणून दुसऱ्यावर तोच अन्याय करून बसलो.

विदर्भ सोडून रायपुरास आलो, तेव्हा एका कार्यालयात माझी मुलाखत झाली. कागदपत्रे चाळून समोरच्या गृहस्थांनी हसत विचारले, ‘‘आप लोग तो दो साल में नागपुर लौट जाते हैं न?’’ हिशेबाचा एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. नोकरी हुकल्याचे दुःख यथावकाश ओसरले. ‘आप लोग’ हे दोन शब्द मात्र मनात रुतून राहिले.

पुढे गुढियारीतील एका धान्याच्या पेढीत मी स्थिरावलो. स्थानकापलीकडची ही घाऊक बाजारपेठ आपणांस परिचित आहेच. पेढीला गुदामाचा हिशेबनीस हवा होता आणि मुलाखत घेणाऱ्या तिघांत मी होतो. दोन उमेदवार शेवटपर्यंत टिकले. एक नागपूरचा मराठी तरुण. त्याच्याशी संत्र्यांच्या हंगामापासून दूरच्या सोयरिकीपर्यंत इतक्या गप्पा रंगल्या की, खतावणीविषयी विचारायचे राहूनच गेले. दुसरा आरंगकडील खेड्यातला. उत्तरे मोजकी, हिंदीला छत्तीसगढी वळण, आणि आमच्या विनोदावर तो हसलाही नाही. त्याच्या अर्जावर मी शेरा लिहिला: ‘आपल्यात रुळणार नाही.’

नागपूरचा तरुण आठ महिन्यांत नोकरी सोडून गेला. त्याचा तरी काय दोष? त्याचा दिवस आमच्या टेबलाशी नव्हे, तराजूपाशी जात होता. तेथे हमाल, ट्रकचालक आणि खेड्यापाड्यांतून आलेले दुकानदार छत्तीसगढीत हुज्जत घालत, आणि ती भाषा त्याला उमगत नव्हती. आरंगकडील तो मुलगा तोवर आमच्याच गल्लीतील दुसऱ्या पेढीत रुजू झाला होता. जाता-येता तो मला नमस्कार करी. त्या नमस्काराने मी दर वेळी ओशाळत असे.

आजकाल मोठ्या कंपन्यांत या पारखीला ‘कल्चरल फिट’ असे भारदस्त नाव आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी नामांकित व्यावसायिक संस्थांतील नोकरभरतीचा अभ्यास करून २०१२ साली दाखवून दिले की, उमेदवाराच्या आवडीनिवडी आणि बोलण्याची ढब आपल्याशी जुळते का, याला परीक्षक फार वजन देतात. आपल्याकडे सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुणवत्तेची ग्वाही देणारे अधिकारीच उमेदवाराला कौटुंबिक पार्श्वभूमी अगत्याने विचारताना आढळतात. वडील काय करतात, या साध्या प्रश्नाआडून जात, वर्ग, गाव सारे अलगद आत येते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी खासगी कंपन्यांकडे धाडून पाहिले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. म्हणजे मुलाखतीची खुर्चीसुद्धा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

आपण परप्रांतीय म्हणवले जाणारे लोक. आपल्याला तरी हे कळायला हवे होते. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. ‘हा आमच्यातला नव्हे’ म्हणून हिंदीने त्यांना दारातूनच परत पाठवले असते तर?

केंद्र सरकारने २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. पेढीला ते साधणारे नाही. ज्याच्या हाती गुदामाच्या किल्ल्या द्यायच्या, त्याला पाहावे तर लागतेच. सचोटी हवी, चूक झाली तर ती कबूल करण्याची तयारी हवी. पण नेमके काय हवे हे आधी कागदावर लिहावे, सर्वांना तेच प्रश्न विचारावेत आणि आपसांत चर्चा करण्यापूर्वी ज्याने त्याने आपले गुण मांडावेत, एवढे आम्ही उशिराने का होईना, ठरवले.

आणखी एक केले. पुढच्या मुलाखतीला हमालांच्या मुकादमाला आमच्या शेजारी खुर्ची दिली. बराच वेळ तो गप्प बसून होता. मग त्याने उमेदवाराला विचारले, ‘‘पोते वजनात कमी भरले आणि गाडीवाला ओरडायला लागला, तर आधी काय करशील?’’

आम्हा तिघांपैकी एकालाही इतक्या वर्षांत हा प्रश्न सुचला नव्हता.