ओसाकाची नगरवाहतूक : दूरदृष्टी आणि तिची कसोटी



जपानचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टींचा उल्लेख हमखास होतो. एक म्हणजे वाऱ्याच्या वेगाने धावणारी शिनकान्सेन आणि दुसरी म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारी तेथील माणसे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु या कौतुकात मुख्य प्रश्न विचारायचा राहून जातो. रोज लक्षावधी माणसांना घरून कामावर आणि कामावरून घरी नेणारी ही व्यवस्था कोणाच्या विचारातून उभी राहिली, तिचा खर्च कोणी सोसला आणि ती चालवताना त्या समाजाने कोणती किंमत मोजली? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर राजधानी तोक्योपेक्षा ओसाका हे शहर अधिक उपयोगी पडते. कारण ही व्यापाऱ्यांची नगरी. येथील बरेच काही केंद्र सरकारच्या कृपेने नव्हे, तर नगरपालिका आणि खाजगी उद्योजक यांच्या कर्तृत्वातून घडलेले आहे.

मुंबईचा कापूस, ओसाकाच्या गिरण्या

ओसाका हे पूर्वापार कालव्यांचे आणि पुलांचे शहर. मालाची आणि माणसांची ने-आण होड्यांतून होत असे. १८८३ साली तेथे मोठी सूतगिरणी सुरू झाली आणि पाहता पाहता या शहराला ‘पूर्वेकडील मँचेस्टर’ म्हणू लागले. त्या गिरण्यांना लागणारा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून जात असे. १८९३ साली जपानी जहाज कंपनीची मुंबई–कोबे ही थेट फेरी सुरू झाली, तिच्यामागे जपानी गिरणीमालकांच्या जोडीने जमशेटजी टाटा यांचाही पुढाकार होता. मराठी मुलखातून गेलेल्या कापसाच्या गाठींचाही त्या नगरीच्या वैभवात वाटा आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

गिरण्यांबरोबर गर्दी आली, धूर आला, दाटीवाटीच्या वस्त्या आल्या. अशा वेळी १९०३ साली ओसाका नगरपालिकेने विजेवर चालणारी ट्राम सुरू केली. नगरपालिकेने स्वतः चालवलेली ही जपानमधील पहिली ट्राम. तिचे मार्ग टाकताना जुन्या गल्ल्या रुंद झाल्या आणि नवे पूल उभे राहिले. सार्वजनिक वाहन हे केवळ भाडे मिळवण्याचे साधन नसून शहराला वळण लावण्याचे साधन आहे, हा विचार ओसाकाने तेव्हाच स्वीकारला. ही ट्राम १९६९ पर्यंत धावत होती.

एका प्राध्यापकाचा संकल्प

या विचाराला शास्त्रशुद्ध रूप दिले ते सेकी हाजिमे या पुरुषाने. १८७३ साली जन्मलेले सेकी तोक्योच्या उच्च वाणिज्य विद्यालयात प्राध्यापक होते. युरोपात जाऊन त्यांनी वाहतूक आणि सामाजिक धोरणाचा अभ्यास केला होता. १९१४ साली ते उपमहापौर म्हणून ओसाकाला आले आणि १९२३ ते १९३५ या काळात महापौर राहिले. १९२५ साली शहराची हद्दवाढ झाली तेव्हा लोकसंख्या एकवीस लाखांवर गेली आणि ओसाकाने काही काळ तोक्योलाही मागे टाकले. शहर श्रीमंत असून भागत नाही, त्यातील कष्टकऱ्याला राहण्याजोगे घर आणि वावरण्याजोगे रस्ते मिळाले पाहिजेत, ही सेकींची धारणा होती.

शहराच्या उत्तर टोकाचे उमेदा आणि दक्षिणेकडील नाम्बा यांना जोडणारी मिदोसुजी ही तेव्हा जेमतेम सहा मीटर रुंदीची गल्ली होती. सेकींनी ती चव्वेचाळीस मीटर रुंद आणि चार किलोमीटर लांब करण्याचे ठरवले. त्याच रस्त्याच्या पोटात भुयारी रेल्वेही न्यायची होती. शहराच्या मध्यभागी विमानतळ बांधायचा आहे काय, असा उपहास तेव्हा झाल्याचे सांगतात. रस्त्यामुळे ज्यांच्या जमिनींचे मोल वाढणार होते, त्या जमीनमालकांकडून खर्चाचा वाटा वसूल करण्यात आला. साहजिकच विरोध झाला. पण ज्याला लाभ त्याने भार उचलावा, या तत्त्वापासून महापौर ढळले नाहीत.

भुयाराचे काम १९३० साली सुरू झाले. तो जागतिक मंदीचा काळ होता, म्हणून बेकारांना काम देण्याचा हेतूही त्यात साधला गेला. जमीन नद्यांच्या गाळाची, पाण्याने भरलेली; खोदकाम अतिशय अवघड होते. अखेर २० मे १९३३ रोजी उमेदा ते शिन्साइबाशी हा सुमारे तीन किलोमीटरचा मार्ग खुला झाला. नगरपालिकेने बांधलेली ही जपानमधील पहिली भुयारी रेल्वे. आरंभी तिच्यावर एकाच डब्याची गाडी धावत असे. स्थानके मात्र उंच कमानदार छताची होती आणि फलाट पुढच्या काळातील लांब गाड्यांचा विचार करून बांधलेले होते. त्या प्रशस्त फलाटावर तो एकटा डबा पाहून अनेकांना हा पैशाचा अपव्यय वाटला असेल. आज त्याच मार्गावर दहा डब्यांच्या गाड्या खच्चून भरून धावतात. जे तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांच्यासाठी त्या पिढीने फलाट बांधून ठेवले होते.

सेकी जानेवारी १९३५ मध्ये पदावर असतानाच निवर्तले. मिदोसुजीचा रस्ता १९३७ साली पूर्ण झाला, तो त्यांना पाहता आला नाही. दुतर्फा लावलेली गिंको वृक्षांची रांग मात्र आजही शरद ऋतूत सोन्यासारखी पिवळी होते.

प्रवासी घडवणारा उद्योजक

योगायोग असा की सेकींच्याच जन्मवर्षी, १८७३ साली, कोबायाशी इचिझो हा दुसरा कर्तबगार पुरुष जन्मला. मिनोओ-आरिमा ही लहानशी विद्युत रेल्वे १९१० साली त्यांच्या नेतृत्वाखाली उमेदाहून ताकाराझुकापर्यंत सुरू झाली. तीच पुढे हांक्यू या नावाने प्रसिद्ध झाली. मार्ग शेतांमधून आणि टेकड्यांच्या पायथ्याने जाणारा होता. प्रवासी मिळणार कोठून? कोबायाशींनी उलटा विचार केला. मार्गालगत आधीच जमिनी घेऊन त्यांनी घरे बांधली आणि ती नोकरदार मध्यमवर्गाला दहा वर्षांच्या हप्त्यांनी दिली. धुराने कोंडलेल्या शहरापेक्षा मोकळ्या हवेत राहा, असे आवाहन केले. दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, १९१३ साली मुलींचे संगीतनाट्य पथक स्थापन केले. ते आज जगप्रसिद्ध आहे. १९२९ साली उमेदा स्थानकावरच बहुमजली भांडार उघडले. सकाळी नोकरदार शहराकडे, दुपारी गृहिणी बाजाराकडे आणि सुटीच्या दिवशी अवघे कुटुंब नाट्यगृहाकडे, अशी गाडी दोन्ही दिशांनी भरू लागली.

मंदीच्या दिवसांत भांडाराच्या उपाहारगृहात काही गरीब गिऱ्हाइके नुसता भात मागवून त्यावर टेबलावरचा सॉस ओतून खात. कर्मचाऱ्यांना ते आवडेना. कोबायाशींनी मात्र त्यांचे स्वागत करण्यास सांगितले. आज रिकाम्या खिशाने आलेला मनुष्य उद्या कुटुंबासह येईल, हा त्यामागील हिशेब होता. त्यात व्यापार होता, तशी माणुसकीही होती.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. शहराच्या अंतर्भागात केवळ नगरपालिकेचीच वाहने चालावीत, असा नगरपालिकेचा दीर्घकाळ आग्रह होता. खाजगी कंपन्यांचे मार्ग त्यामुळे शहराच्या वेशीवर येऊन थांबत आणि प्रवाशाला उतरून, चालून, पुन्हा तिकीट काढावे लागे. हानशिन कंपनीचा मार्ग १९६४ साली निशि-कुजोपर्यंत आला. तेथून नाम्बापर्यंतचे चार किलोमीटरहूनही कमी अंतर जोडण्यास विविध अडचणींमुळे २००९ साल उजाडले. आता कोबेची गाडी थेट नारापर्यंत जाते. स्वाभिमान आणि हट्ट यांतील सीमारेषा पुसट झाली की भुर्दंड प्रवाशाला बसतो.

एका रात्रीची साक्ष

१३ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी ओसाकावर अग्निवर्षाव केला. सुमारे चार हजार माणसे मृत्युमुखी पडली. युद्धकाळातील धोरणानुसार भुयारी स्थानकांत आश्रय घेण्यास मनाई होती. पळून जाण्याऐवजी नागरिकांनी आग विझवत राहावे, अशी अपेक्षा होती. तरीही शिन्साइबाशी स्थानकाची दारे होरपळलेल्या लोकांसाठी उघडली गेली आणि पहाटे गाडी त्यांना आगीबाहेर उमेदाकडे घेऊन गेली, असे वाचलेल्या अनेकांनी सांगितले आहे. वाहतूक विभागाच्या इतिहासात या गाड्यांची नोंद नव्हती. कित्येक वर्षांनी साक्षी गोळा झाल्या तेव्हा ही हकिगत प्रकाशात आली. दार कोणी उघडले, गाडी कोणाच्या आज्ञेने निघाली, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. एवढे निश्चित की नियम आणि माणूस यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्या अनाम सेवकांनी माणसाची निवड केली.

प्रगतीचे पर्व आणि त्याचे मोल

१९७० साली ओसाकालगतच्या सुइता येथील सेनरी टेकड्यांवर जागतिक प्रदर्शन भरले. सहा कोटींहून अधिक लोक ते पाहण्यास आले. त्यासाठी भुयारी मार्गांचे जाळे झपाट्याने वाढवण्यात आले. स्वयंचलित तिकीट-फाटक हांक्यूच्या किता-सेनरी स्थानकावर १९६७ सालीच बसले होते. अंधांना पायाच्या स्पर्शाने वाट दाखवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा रेल्वे स्थानकात प्रथम बसल्या, त्याही ओसाकातील आबिकोचो स्थानकात, १९७० साली. आज मुंबई-पुण्याच्या मेट्रो स्थानकांत दिसणाऱ्या पिवळ्या फरशांचे मूळ जपानमध्ये आहे.

परंतु त्याच वर्षी ८ एप्रिलला, प्रदर्शन चालू असतानाच, तेनरोकु येथे भुयारी मार्गाच्या खोदकामात गॅस गळून भीषण स्फोट झाला. ७९ जणांचे प्राण गेले आणि चारशेहून अधिक जखमी झाले. घाईने उभारलेल्या वैभवाच्या पायाशी हेही दुःख आहे.

त्याहून अंतर्मुख करणारी घटना २५ एप्रिल २००५ ची. ताकाराझुकाहून निघून ओसाका शहरातून पुढे जाणारी पश्चिम जपान रेल्वेची गाडी आमागासाकी येथे वळणावर रुळांवरून उतरली आणि एका निवासी इमारतीवर आदळली. चालकासह १०७ जण मरण पावले. ताशी सत्तर किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडीचा वेग ११६ च्या आसपास होता. आधीच्या स्थानकावर गाडी फलाटाच्या पुढे गेली होती आणि त्यामुळे तिला विलंब झाला होता. किती? दीड मिनिटाहूनही कमी. चुकलेल्या चालकांना ‘पुनःप्रशिक्षणा’च्या नावाखाली अपमानास्पद शिक्षा भोगावी लागे. तपास मंडळाच्या २००७ च्या अहवालाने या पद्धतीवर बोट ठेवले. समांतर धावणाऱ्या हांक्यूशी स्पर्धेत वेळापत्रकातील मोकळीक काढून घेतली गेली होती आणि त्या वळणावर वेग आपोआप रोखणारी आधुनिक यंत्रणा बसलेली नव्हती. तेवीस वर्षांचा तो चालक त्या क्षणी वळणाचा नव्हे, तर शिक्षेचा विचार करत असावा, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

ज्या वक्तशीरपणाचे आपण कौतुक करतो, त्याचे हे दुसरे रूप आहे. शिस्त कर्तव्यबुद्धीतून आली तर ती समाजाला तारते. तीच शिस्त भयातून आली की तिचा मूळ उद्देश हरवतो. १९४५ साली मनाई असताना दार उघडणारे आणि २००५ साली भीतीपोटी वेग वाढवणारा, दोघेही त्याच समाजातील रेल्वेसेवक. फरक त्यांच्या चारित्र्यात शोधू नये. व्यवस्थेने तरुण सेवकाच्या मनावर कोणते ओझे ठेवले होते, ते पाहावे. दुर्घटनेची जागा स्मृतिस्थळ म्हणून जतन करण्यात आली आहे. चूक झाकण्याऐवजी तिची आठवण ठेवणे, हेही शिकण्यासारखेच आहे.

आजचे ओसाका

१ एप्रिल २०१८ पासून नगरपालिकेची भुयारी रेल्वे ‘ओसाका मेट्रो’ या कंपनीकडे गेली. मालकी मात्र शहराचीच राहिली. २०२५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी युमेशिमा या भराव घालून केलेल्या बेटापर्यंत मार्ग नेण्यात आला. १३ ऑगस्ट २०२५ च्या रात्री वीजपुरवठ्यातील बिघाडाने ही एकमेव रेल्वे थांबली आणि सुमारे तीस हजार लोक बेटावर अडकले. सर्वांत कार्यक्षम म्हणवणाऱ्या व्यवस्थेलाही पर्यायी वाट लागते, हा धडा तेथे नव्याने गिरवला गेला.

आपल्या दृष्टीने याचे महत्त्व काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा साडेतेहेतीस किलोमीटरचा मुंबईचा भुयारी मार्ग पूर्ण खुला झाला. त्याला जपानचे दीर्घ मुदतीचे कर्ज लाभले आहे. ज्या देशाला कधी मुंबईने कापूस पुरवला, त्याच्या साहाय्याने मुंबईच्या पोटात रेल्वे धावते आहे. कर्ज मिळते, यंत्रेही विकत मिळतात. पण पन्नास वर्षांनंतरच्या प्रवाशाचा विचार करणारा महापौर, लाभाच्या प्रमाणात भार उचलणारा नागरिक आणि संकटकाळी दार उघडणारा सेवक कोणत्याही कराराने आयात करता येत नाहीत. ते येथेच घडवावे लागतील. गाडी वेळेवर यावी, ही अपेक्षा रास्तच आहे. ती कोणासाठी वेळेवर यायची आहे, याचा विसर मात्र चालवणाऱ्याला, नियोजन करणाऱ्याला आणि प्रवाशालाही पडू नये.