केस परत आले, श्रेय कुणाचं?

आजचा भाग केसांवर. हसू नका, विषय सत्तर हजारांचा आहे.

माझा भाचा २६ वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये त्याला डेंग्यू झाला आणि जानेवारीत कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. घाबरून तो एका क्लिनिकमध्ये गेला. तिथं त्याला 'एक्सोसोम'चं पॅकेज सांगितलं, ७०,००० रुपये. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. रात्री मला फोन: "मावशी, भरू का पैसे?"

म्हटलं, थांब, आधी केस कसा वाढतो ते ऐक.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, सुमारे तीन महिने विश्रांती, आणि मग तो गळतो. त्याच जागी नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. पण मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. भाच्याची जानेवारीतली गळती म्हणजे ऑक्टोबरच्या तापाची थकबाकी. बहुतेकांचे हे केस काही महिन्यांत आपोआप परत येतात.

आता खरी गोम. माणूस उपचार कधी सुरू करतो? गळती सगळ्यात जास्त असते तेव्हा. मग पुढे आपोआप येणारे केस कुणाच्या खात्यात जमा होतात? जे तेल, जी गोळी, जे इंजेक्शन चालू असेल त्याच्या! फोटो खोटे नसतीलही. पण काहीच न केलेल्या माणसाचा फोटो शेजारी असतो का? आणि एक्सोसोमचं म्हणाल, तर अमेरिकेच्या एफडीएने केसांसाठी असं एकही उत्पादन मान्य केलेलं नाही.

आनुवंशिक टक्कल ही गोष्ट वेगळी. तिथं डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळं आकसत जातात, आपोआप भरून येत नाहीत. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. केसांसाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्य झालं. फिनास्टराइड १९९७ मध्ये. दोन्हींचा गुण औषध चालू असेपर्यंतच. शिवाय फिनास्टराइडमुळे आत्महत्येचे विचार येऊ शकतात, हे युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केलं.

म्हणून सगळ्यांचे डोळे नव्या औषधाकडे. भाच्यानेही व्हिडिओ पाठवला: पीपी४०५, झोपलेल्या मूळपेशींना जागं करणारं जेल. २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं, की केस जास्त गेलेल्या पुरुषांपैकी ३१ टक्क्यांच्या केसांची दाटी आठ आठवड्यांत २० टक्क्यांहून जास्त वाढली. नुसतं जेल लावलेल्यांत एकाचीही नाही. इथं तुलनेचा गट आहे, ही जमेची बाजू. पण प्रयोगात ७८ जण, आणि ज्याचं चक्र वर्षांचं त्याची मोजणी आठ आठवड्यांची. काहीजण म्हणतात, आम्ही सज्ञान आहोत, धोका आमचा, थांबवता कशाला? त्यांचं दुःख मला कळतं. आरसा रोज बघावा लागतो. पण 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेली पावडर ऑनलाइन मागवून डोक्याला चोळणं हा प्रयोगही नव्हे. त्यात नोंद ठेवणारं कुणी नसतं, आणि बिघडलं तर सांभाळणारंही नसतं.

तेव्हा पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझी गळती कुठल्या प्रकारची? तुलना कुणाशी केली? किती महिने मोजलं?

भाच्याने पैसे भरले नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला, लोह आणि थायरॉइड तपासून घेतलं, आणि वाट बघितली. जूनमध्ये कपाळाशी बारीक केस दिसायला लागले. पैसे भरले असते, तर आज त्या भिंतीवर त्याचाही फोटो असता.