गावाच्या हाती कारभार, गावाच्या खात्यात निधी



 वाशीम जिल्ह्यातले आमचे कारंजा हे श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या तिन्ही परंपरांची जैन मंदिरे इथे आहेत. दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि दारव्हा या नावांच्या वेशी जुन्या पेठेचा पसारा आजही सांगतात. ही पेठ इतकी संपन्न होती की १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजा थेट इथवर आल्या. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, याचा विचार करण्याची या गावाला जुनी सवय आहे. वनसंवर्धनाच्या पैशाचा आणि कारभाराचा विचार करणारी ही परिषदही इथे व्हावी, हे मला उचित वाटते.

वनांवरची परिषद मेळघाट किंवा ताडोबा सोडून कारंज्यात का, असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर आमच्या माळावर आहे. गावाजवळच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. २००० साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे. इथे दाट अरण्य नाही. मारवेल, पवन्या, कुसळी अशा गवतांचा हा मुलूख आहे. काळवीट, लांडगा आणि दुर्मीळ तणमोर हे प्राणी-पक्षी अशाच माळांवर जगतात. या गवताची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जिरवतात आणि जमिनीखाली कार्बन साठवतात. गावच्या गाई-शेळ्या तर पिढ्यान्‌पिढ्या याच गवतावर पोसल्या. पण आपल्या कागदोपत्री हा माळ म्हणजे ‘ई-क्लास’ किंवा ‘पडीत’. नोंदीत पडीत असलेल्या जमिनीला राखणदार मिळत नाही आणि तिच्यासाठी पैसाही मिळत नाही.

मंडळी, पैसा अजिबात नाही असे कुणी म्हणू नये. वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की प्रकल्पाकडून पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल केले जाते. हाच आपल्या सर्वांच्या तोंडी असलेला ‘कॅम्पा’चा निधी. त्यासाठीचा २०१६ चा कायदा ३० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या निधीचा ९० टक्के वाटा राज्यांना मिळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम वर्ग केली, त्यात महाराष्ट्राचे ३,८४४ कोटी होते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा कर-वाटा ठरवताना वन आणि पर्यावरण या निकषाला १० टक्के भार दिला. मात्र त्यासाठी मोजले गेले ते दाट जंगल. आमचा गवताळ माळ त्या मोजणीत आलाच नाही.

याचा परिणाम जमिनीवर दिसतो. वनीकरणाला जागा हवी म्हटली की पहिली नजर मोकळ्या माळावर जाते. खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, फलक उभा राहतो. काळविटाला लांबवर दिसावे लागते, धावायला उघडे रान लागते. तणमोराला घरटे करायला गवत लागते. त्या माळावर झाडांच्या रांगा उभ्या करणे म्हणजे संवर्धनाच्या पैशाने त्यांचे घर मोडणे होय. हे थांबले पाहिजे.

आता सोहोळ परिसरातल्या शेतकऱ्याची बाजू ऐका. सोयाबीनचे कोवळे शेंडे वर आले की काळविटांचे कळप शेतात उतरतात, पाठोपाठ रोही आणि रानडुक्कर. घरचा कर्ता माणूस रात्री बॅटरी आणि घोंगडी घेऊन जागलीला जातो. सकाळी पुन्हा डवऱ्यामागे उभा राहतो. नुकसान झाले तर अर्ज, सातबारा, फोटो, पंचनामा. भरपाई हाती पडेपर्यंत पुढची पेरणी आलेली असते. काळविटाच्या रक्षणाची खरी किंमत आज हा माणूस आपल्या झोपेने आणि पिकाने मोजतो आहे. वनसंवर्धनाचा कोणताही हिशेब त्याच्या बांधापासून सुरू व्हायला हवा.

मार्ग काय, याची उत्तरे आपल्याच विदर्भाने दिली आहेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेव्हा बांबूचे उत्पन्न गावाचे झाले आणि तो राखण्याची जबाबदारीही गावाने उचलली. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातले पायविहीर पाहा. १९३ हेक्टर उजाड रानावर गावाला २०१२ मध्ये हक्क मिळाला. ‘खोज’ संस्था पाठीशी उभी राहिली, रोजगार हमीतून कामे झाली, चराईला शिस्त लागली. सीताफळ व्यापाऱ्याला मातीमोल न विकता गावाने स्वतः तोडले, प्रतवारी केली, खोक्यांत भरले आणि ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने बाजारात नेले. २०१४ मध्ये या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

आणि अकोला जिल्ह्यातले वडाळा! ज्या फासेपारधी समाजावर शिकारी म्हणून शिक्का मारला गेला, त्यानेच तिथे माळ राखला, चराईचे नियम घातले, पाखरांची घरटी जपली. कारंज्याच्याच ‘संवेदना’ संस्थेने त्यांना साथ दिली. माळाचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना विश्वासाने कारभार सोपवला की काय होते, याचा हा दाखला आहे.

हवामान बदलासाठीचा पैसाही गावापर्यंत पोहोचू शकतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या, हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीच्या ‘पोकरा’ प्रकल्पात आपला वाशीम जिल्हा होता. गावच्या ग्राम कृषी संजीवनी समितीने आराखडा करायचा आणि अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हायचे, ही त्याची रीत. जगही आता त्याच दिशेने बोलते आहे. २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम इथे उष्णकटिबंधीय वनांसाठी जो निधी मांडला गेला, त्यात किमान २० टक्के रक्कम आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी ठेवण्याचे ठरले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. माळाची बाजू मांडायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

म्हणून या परिषदेपुढे स्वागत समितीच्या वतीने मी तीन मागण्या ठेवतो. पहिली, ई-क्लासच्या गवताळ माळांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि तिथे वृक्षलागवड होऊ नये. कुरण सुधारण्याचे काम मात्र कॅम्पाच्या पैशातून व्हावे. दुसरी, गावाच्या हद्दीत वनांवर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा आणि जिथे सामूहिक वनहक्क आहे तिथे कामाचा आराखडा व निधी दोन्ही गावाच्या व्यवस्थापन समितीकडे यावेत. तिसरी, वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच हंगामात खात्यात जमा व्हावी.

अधिकार एका ठिकाणी, पैसा दुसऱ्या ठिकाणी आणि राबणारे हात तिसऱ्याच ठिकाणी, अशी आजची स्थिती आहे. हे तिन्ही ग्रामसभेत एकत्र आल्याशिवाय जंगल टिकणार नाही आणि माळही टिकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

पाहुण्यांनो, सोहोळच्या माळावर अवश्य जा, तिथल्या शेतकऱ्यांशी बोला. आणि इथून निघताना या तीन मागण्यांचे ठराव करून ते आपापल्या ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि विधिमंडळापर्यंत न्या, अशी कळकळीची विनंती करतो.