न बोललेले वाक्य

(पूर्णा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



तर्कशक्तीच्या प्रश्नांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून त्यातला एकच प्रकार मी निवडला आहे. तो म्हणजे 'विधान आणि गृहीतके'. आठवीच्या एन.एम.एम.एस. परीक्षेतल्या मालिका आणि सहसंबंध आपली मुले सरावाने सोडवतात. पण पुढे बँकांच्या भरतीत, किंवा लोकसेवा आयोगाच्या सी-सॅट प्रश्नपत्रिकेत (केंद्रात २०११ पासून, राज्यात २०१३ पासून) हा प्रकार समोर आला की तीच मुले गोंधळतात. येथे आकडेमोड नाही, पाठांतरही नाही. बोलणाराने जे मनात धरले पण तोंडाने सांगितले नाही, ते ओळखायचे असते.

आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. समजा, एका गोदामाबाहेर पाटी आहे : 'सुपरवायझर पाहिजे. संगणक येणाऱ्यांनीच भेटावे.' खाली तीन वाक्ये दिली आहेत. (१) या कामाला संगणकाचे ज्ञान लागते. (२) पाटी वाचून काही जण तरी भेटायला येतील. (३) या कामाला पगार चांगला आहे. यांपैकी गृहीतके कोणती?

वर्गात हा प्रश्न घातला तेव्हा एका मुलाने तिन्हींवर खूण केली. त्याचा भाऊ गोदामात कामाला आहे आणि त्याला पगार बरा मिळतो. मी म्हटले, "बाळ, तुझ्या भावाचा पगार खरा, पण तो या पाटीत कुठे आहे?" आपल्याला ठाऊक असलेली खरी गोष्ट आणि पाटी लिहिणाराने मनात धरलेली गोष्ट, या दोन निराळ्या आहेत. निम्म्या चुका येथेच होतात.

यावर एक सोपी कसोटी आहे. दिलेले वाक्य उलटे करून पाहा. 'या कामाला संगणक लागत नाही' असे म्हटले, तर पाटीवरची अटच निरर्थक ठरते. 'पाटी वाचून एकही माणूस येणार नाही' म्हटले, तर पाटी लावण्याचा खटाटोप कशाला? पण 'पगार बेताचाच आहे' म्हटले, तरी पाटीला धक्का लागत नाही. उलटे केल्यावर मूळ विधान कोसळते, ते गृहीतक. जे उलटे करूनही विधान उभेच राहते, ते गृहीतक नव्हे.

मात्र उलटे करताना सावध असावे. 'काही'च्या उलट 'एकही नाही'. पण 'सर्व'च्या उलट 'सर्वच नाहीत', 'एकही नाही' असे नव्हे. 'फक्त', 'नेहमी', 'कधीच' हे शब्द दिसले की दोनदा थांबावे. 'पाणी उकळून प्या' या सूचनेत 'उकळल्याने पाणी पिण्यास अधिक सुरक्षित होते' हे गृहीत आहे. 'सर्व आजार पाण्यानेच होतात' हे नाही. तसेच गृहीतक आणि निष्कर्ष यांची गल्लत करू नये. गृहीतक हा विधानाखालचा पाया, निष्कर्ष हा त्यावर चढवलेला मजला.

आता माझीच एक फजिती सांगतो. दहावीत चांगले गुण मिळवलेल्या एका मुलीला वडील अकरावीला पाठवत नाहीत, असे कानावर आले. मी तडक घरी गेलो आणि स्त्रीशिक्षणाचे महत्त्व अर्धा तास सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा पाजला आणि म्हणाले, "सर, शिकवायचं नाही असं मी कधी म्हटलं? कॉलेज सुटतं तेव्हा अंधार पडतो. अंजूर फाट्याला ट्रकांची रांग, रिक्षा मिळत नाही. पोरगी एकटी कशी येणार?" 'पाठवत नाही म्हणजे शिकवायचे नाही' हे गृहीतक त्यांचे नव्हते, माझे होते. मग मोहल्ल्यातल्या आणखी दोन मुली शोधल्या, येण्याजाण्याची सोबत जुळवली, आणि तिघी जाऊ लागल्या. अर्ध्या तासाच्या भाषणाने जे झाले नसते, ते एका प्रश्नाने झाले. तो प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

आपल्या घरातही अशी वाक्ये रोज ऐकू येतात. 'अकरावी नको, गोदामात लागू दे.' यात गृहीत काय? हे काम पुढेही असेच मिळत राहील, आणि पुढे मनात आले तर शिक्षणाकडे परतता येईल. भिवंडीत 'माग आहे तोवर भाकर आहे' असेही आपण धरून चाललो होतो. मंदीत तेच माग भंगारात जाताना आपण पाहिले.

आणखी एक वाक्य : 'आपल्या मुलांना सरकारी नोकरीत कोण घेतो?' याला आधार नाही, असे मी म्हणणार नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के, तर आय.ए.एस.मध्ये अवघे ३ टक्के होते. परंतु त्याच अहवालाने हेही दाखवले की नागरी सेवा परीक्षेला बसणाऱ्यांतच आपले उमेदवार फार थोडे होते. बसलेल्यांच्या यशाचे प्रमाण मात्र इतरांच्या जवळपास होते. 'कोणी घेत नाही' या वाक्याखाली 'आपण पुरेसे बसतो' हे गृहीतक लपलेले आहे. ते उलटे करून पाहा. अडचणी नाहीत असे यातून सिद्ध होत नाही. पण अर्जच न भरलेल्या मुलाला नापास कोणी केले, याचे उत्तर घरात शोधावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, रोज वर्तमानपत्रातली एक जाहिरात घ्या, तिच्यातले न बोललेले वाक्य वहीत लिहा आणि उलटे करून तपासा. पालकांनो, मुलाविषयी 'याला जमणार नाही' असे तोंडात आले, की क्षणभर थांबा आणि हे आपण कशावरून धरले, ते स्वतःला विचारा. या प्रश्नाला परीक्षेत एकदोन गुण असतील. घरात तो मुलाच्या आयुष्याचा असतो.