कोय रुजते, चव रुजत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आंबा फार गोड लागला की त्याची कोय परसात खोचावी, असे आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटते. इच्छा चांगली, परंतु भाजीचे बी फसले तर एक हंगाम बुडतो, आंब्याचे फसले तर ते सहा-आठ वर्षांनी कळते. म्हणून पेरण्यापूर्वीच थोडा विचार हवा.

हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो. त्यात दोन झाडांचे गुण मिसळलेले असल्यामुळे फळ हापूसचेच येईल असा भरवसा नाही. म्हणूनच हापूसची कलमे बांधतात. कागदी लिंबाचे तसे नाही. त्याच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे निघतात आणि ती बहुतेक आईच्याच वळणावर जातात. रसदार लिंबाचे बी निवडावे. चार-पाच वर्षांत घरची लिंबे मिळतात.

पपई तर वर्षभरातच फळते. बियांवरचा बुळबुळीत पापुद्रा राखेत चोळून काढावा. एकाच झाडावर विसंबू नये, कारण काही झाडे नर निघतात. लांब देठांवर लोंबणारे फुलांचे घोस दिसले की तो नर समजावा. तीन-चार रोपे लावली तर एखादी तरी मादी बहुधा हाती लागते. बुंध्याशी पाणी मात्र साचू देऊ नये.

आंब्याची कोय आणि फणसाची आठळी वाळवून साठवू नये; वाळली की उगवण जाते. कोय धुऊन चार दिवसांच्या आत, फुगीर कड वर करून, उथळ पुरावी. फणसाला सोटमूळ असते. आठळी कायमच्या जागीच लावावी.

मग हापूसची कोय टाकूनच द्यायची का? मुळीच नाही. तिच्या कोवळ्या, तांबूस पानांच्या रोपावर पावसाळ्यात जाणत्या माळ्याकडून कोयकलम बांधून घ्यावे.

शेवटची विनंती. आपल्या माहेरी किंवा सासरी लोणच्याचा, रसाचा एखादा जुना रायवळ आंबा असेल. तो तोडला गेला तर त्याची चव त्याच्या कोयीतून परत येईलच असे नाही. कुऱ्हाडीची बोलणी सुरू होण्याआधी त्याच्या चार काड्या आणा आणि आपल्या रोपांवर त्यांची कलमे बांधा. आजेसासूबाईंच्या लोणच्याची चव नातसुनेला मिळायची असेल, तर वाट हीच आहे.