सागरातील सोयरीक



सोयरीक जुळवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाला ती सोय नाही. नर-मादी आपापली बीजे उघड्या पाण्यात सोडतात. तेथे परजातीचे शुक्राणूही असतात. गफलत झाली तर अंडे वाया जाते.

मग ओळख पटते कशी? आर्बेशिया जातीच्या अंड्यातून १४ अमिनो आम्लांचा एक पदार्थ पाण्यात पसरतो. त्याच्या मागाने शुक्राणू येतो. जवळ येताच त्याच्या टोकावर ‘बाइंडिन’ हे प्रथिन उघडे पडते. १९७७ साली व्हॅकिए व मॉय यांनी ते वेगळे केले. बहुधा स्वजातीच्या अंड्यालाच ते घट्ट चिकटते. एक आत शिरताच दार बंद! दुसरा शिरला तर गर्भ जगत नाही.

मेंदू नसलेल्या पेशींची ही पारख पाहून आम्हांला नवल वाटते.