ताठ कणा : नित्यकर्मातील साधना



'ताठ कणा' हे आपल्या भाषेत स्वाभिमानाचे लक्षण. प्रत्यक्ष कण्याची मात्र आपण दिवसभर उपेक्षा करतो. पतंजलींनी आसनाची लक्षणे दोनच सांगितली, स्थैर्य आणि सुख. ती केवळ सतरंजीवरील अर्ध्या तासापुरती नव्हेत.

मस्तकाचे वजन सुमारे ५ किलो. मान सरळ असताना कणा ते सहज पेलतो. मान झुकली की भार वाढतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार ६० अंशांच्या झुकावाला तो सुमारे २७ किलो होतो. म्हणून मोबाईल डोळ्यांसमोर उचलावा, मस्तक त्याच्यापुढे नमवू नये.

बादली उचलताना कमरेतून न वाकता गुडघे दुमडावेत, ओझे अंगाजवळ धरावे, कंबर पिळू नये. ओट्याशी उभ्या भगिनींनी एकेक पाऊल आळीपाळीने बुटक्या पाटावर ठेवावे. कमरेला विसावा मिळतो. खुर्चीत पाठीला आधार हवा, तळपाय जमिनीला टेकलेले हवेत. आणि अर्ध्या तासाने उठावेच, कारण उत्तमातली उत्तम बैठकही फार वेळ कण्याला मानवत नाही.

वेदना पायात उतरली, मुंग्या आल्या, तर मात्र डॉक्टरांकडेच जावे.

मुले उपदेश ऐकत नाहीत, वडीलधाऱ्यांची बैठक पाहतात. आरंभ आपल्यापासूनच व्हावा.